नियमावलीत नसलेला दुष्काळ

1630 साली गुजरात, खानदेश आणि दख्खनच्या मोठ्या भागात पाऊस आलाच नाही. पुढच्या वर्षी तो आला. गुजरातेत पेरलेलं आधी उंदरांनी आणि टोळांनी खाल्लं, आणि त्यांच्या तावडीतून जे सुटलं ते अतोनात पावसाने कुजवलं. सुरतेच्या इंग्रज आणि डच वखारवाल्यांनी हे लिहून ठेवलं आहे. दुष्काळ म्हटला की भेगाळलेली जमीन आठवते. पण सतराव्या शतकातल्या या सगळ्यात भीषण दुष्काळाचं दुसरं वर्ष चिखलाचं होतं.

शहाजहान तेव्हा निजामशाही बुडवायला बुऱ्हाणपुरात तळ ठोकून होता. तिथे लंगर उघडले गेले आणि दर सोमवारी 5,000 रुपये वाटले गेले, असं त्याचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी सांगतो. हे सांगत असतानाच, भाकरीच्या तुकड्यासाठी जीव विकायला निघालेल्या माणसांना गिऱ्हाईक मिळत नव्हतं, हेही तो सांगून जातो. पीटर मंडी हा इंग्रज त्याच सुमारास सुरतेहून आग्र्याकडे निघाला, आणि त्याच्या रोजनिशीत वाटेवरच्या प्रेतांच्या नोंदी आहेत. इकडे देहूत तुकोबांचा व्यापार बुडाला आणि पहिली बायको अन्नावाचून गेली. दुष्काळाने आपलं काय काय नेलं ते त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलं आहे.

लोकांच्या आठवणीत मात्र कोरड्या दुष्काळालाच नाव मिळतं. 1396 च्या सुमाराला सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षं चालला असं परंपरा मानते. 1791-92 चा दुष्काळ कवट्यांचा म्हणून नोंदला गेला, कारण मेलेल्यांना पुरायला कोणी उरलं नव्हतं. 1899-1900 चा गुजरातेत विक्रम संवताच्या आकड्यावरून ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जातो. अतिवृष्टीच्या वर्षांना अशी नावं नाहीत. पूर येतो तो एका नदीच्या काठाला, आठवडाभर राहतो आणि ओसरतो. कोरडा दुष्काळ परगण्यामागून परगणे व्यापतो आणि महिनोन् महिने हलत नाही. त्यामुळे राज्यकर्त्यांनी आणि गावांनीही जी काही तजवीज केली, ती कोरड्याची.

मंगळवेढ्याकडचं पेव हे त्या तजविजीचं सर्वांत सुंदर उदाहरण. जमिनीत खणलेला, तोंडाशी जेमतेम माणूस उतरेल एवढा आणि पोटात ऐसपैस असा हा खड्डा. आतून काडाचा थर द्यायचा, ज्वारी ओतायची, वर पुन्हा काड, मग दगड आणि माती लिंपून तोंड बंद. आतली हवा दाण्यांच्याच श्वासाने जड होते आणि त्या हवेत किडा जगत नाही. ज्वारी वर्षानुवर्षं टिकते. माणूसही त्या हवेत जगत नाही. म्हणून पेव फोडलं की ते आधी उघडं ठेवायचं, दिवा खाली सोडून बघायचा, दिवा विझला नाही तरच उतरायचं. घाई करणारे पेवात गेल्याच्या गोष्टी त्या भागात आजही ऐकायला मिळतात. पेवातल्या ज्वारीला एक आंबूस वास येतो. दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाची कोठारं भुकेल्यांना लुटवली ती कथा याच मंगळवेढ्याची, आणि ती समजायला हे तंत्र माहीत असावं लागतं: दुष्काळात धान्य नव्हतं असं नाही, ते जमिनीखाली होतं आणि सरकारी होतं.

पण पेवाला एक शत्रू असतो: ओल. पाणी मुरलं की कडेची ज्वारी काळी पडते, आणि ते पेव फोडल्याशिवाय कळत नाही. वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात हा धोका पत्करण्यासारखा होता. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला सुमारे 6,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर माण तालुक्यात त्याचा दहावा हिस्साही पडत नाही. पर्जन्यछायेतल्या माणसाने आपली सगळी अक्कल थोड्या पाण्यात निभावण्यावर खर्च केली. जास्त पाणी आलं तर काय करायचं, हा प्रश्न त्याला दर पिढीला एखाद्या वेळीच पडायचा.

इंग्रजांनी तीच गोष्ट कागदावर उतरवली.

1876 चा पाऊस दगा देऊन गेला. सोलापूर, कलादगी, सातारा, नगर, पुणे हे जिल्हे होरपळले. पुढच्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनोने जोर धरला आणि देशाच्या मोठ्या भागात पुन्हा पाऊस नाही. 1 जानेवारी 1877 ला लॉर्ड लिटन दिल्लीत दरबार भरवत होता. त्याच महिन्यात त्याचा प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल दुष्काळी कामांवरची मजुरी कापत होता. पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण 450 ग्रॅम धान्य आणि वर एक आणा. एवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. मुंबई इलाख्यातल्या कामांवरून मजूर हजारोंनी निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली आणि गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे पाठवली. आज त्या दुष्काळाबद्दल सरकारी दप्तराबाहेरचं जे काही माहीत आहे, त्यातलं बरंचसं या माहितीतून आलेलं आहे. वासुदेव बळवंत फडक्यांनी 1879 मध्ये बंड पुकारलं, त्यामागे याच दिवसांत पाहिलेले हाल होते. देशभरात 50 लाखांहून अधिक माणसं मेली असं सरकारच्याच आयोगाने मान्य केलं.

त्या आयोगातून 1880 च्या दशकात ‘फॅमिन कोड’ निघाले. दुष्काळ आहे की नाही हे ठरवायला चाचणीची कामं काढायची. त्यांवर माणसं आली तर दुष्काळ आहे. धान्याचे भाव बघायचे, गाव सोडून भटकणारी माणसं मोजायची, कामाचं माप आणि मजुरीचं माप बांधून द्यायचं, सारा तहकूब किंवा माफ करायचा. क्रूर दिवसांच्या पोटी जन्मलेली ही नियमावली चांगलीच नेमकी होती, इतकी की 1896 च्या दुष्काळात टिळकांनी तीच सरकारविरुद्ध वापरली: तुमच्या कायद्यात साऱ्याची सूट लिहिली आहे, मग द्या, असं ‘केसरी’तून आणि सभेच्या प्रचारकांकरवी शेतकऱ्यांपर्यंत पोचवलं. पुढच्याच वर्षी सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली.

नियमावलीत सगळं होतं, पण तिचा पाया एकच होता: पाऊस पडलेला नाही. आणेवारीची पद्धतही त्याच मनोवृत्तीतली. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. गावातलं पीक किती आणे आलं त्यावर सूट. पुढे आण्यांचे पैसे झाले आणि पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली की टंचाईच्या सवलती असा दंडक पडला. त्यासाठी शेतात ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, काट्यावर धरायचं. कोरड्या वर्षात हे माप बिनचूक चालतं, कारण कणसात दाणाच भरलेला नसतो. ओल्या वर्षात दाणा भरलेला असतो, पण काळा पडलेला, कोंब फुटलेला. काट्याला त्याचं काही देणंघेणं नाही.

वास्तविक ओला आणि कोरडा ही जोडी जुनीच. भारताच्या मॉन्सूनची दीडशे वर्षांची नोंद चाळली तर 1877 च्या दुष्काळापाठोपाठ 1878 हे अतिवृष्टीचं वर्ष सापडतं. 1917 ओलं, 1918 कोरडं. 1974 कोरडं, 1975 ओलं. 1982 आणि 1983, 1987 आणि 1988, पुन्हा तसंच. पाऊस असा एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाणं ही काही परवाची गोष्ट नव्हे, आणि प्रत्येक पुराला हवामानबदलाचं लेबल लावणाऱ्यांनी हे आकडे एकदा पाहायला हवेत. नवं आहे ते वेगळं आहे. दोन टोकं पूर्वी दोन वर्षांत विभागलेली असायची; आता ती एकाच हंगामात, कधी एकाच महिन्यात, एकाच महसूल मंडळात येऊ लागली आहेत.

हे ज्यांनी मोजलं त्यांतले बरेच जण पुण्यातले. 1928 मध्ये हवामान खात्याचं मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. ते कधीच दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरच्या चौकाला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. 1962 मध्ये पुण्यातच उष्णदेशीय हवामानशास्त्राची राष्ट्रीय संस्था, आयआयटीएम, उभी राहिली. बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये मध्य भारतातल्या 1951 ते 2000 च्या रोजच्या पावसाचा हिशेब मांडला. हंगामाची सरासरी जवळपास तीच होती. पण मुसळधार पावसाचे प्रसंग वाढले होते आणि मध्यम पावसाचे घटले होते. बेरीज तीच राहून आतली रक्कम बदलली होती, म्हणून इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आयआयटीएममधल्या रॉक्सी कोल यांच्या गटाने 2017 मध्ये दाखवलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर पसरणाऱ्या अतिमुसळधार पावसाचे प्रसंग तिपटीने वाढले. त्यामागे तापलेला अरबी समुद्र आहे: तिथून बाष्पाचे लोंढे येतात, पण ते रोज येत नाहीत. 2020 च्या केंद्रीय अहवालात चित्राची दुसरी बाजू आली. 1951-80 च्या तुलनेत 1981-2011 मध्ये पावसाळ्यातले कोरडे खंड 27 टक्क्यांनी अधिक वेळा पडले.

दोन्ही गोष्टी एकाच कारणातून कशा निघतात, हे समजायला अवघड नाही. हवेचं तापमान एक अंशाने वाढलं की तिची बाष्प धरायची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. घागर मोठी झाली की ती भरायला वेळ लागतो आणि कलंडली की सांडतंही जास्त. मधल्या दिवसांत तीच तापलेली, तहानलेली हवा जमिनीतली ओल ओढून घेते. म्हणजे खंडही लांबतो आणि सरही वाढते.

या सगळ्याचा अर्थ मराठवाड्याला 2016 मध्ये एका वर्षात कळला. मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ रेल्वे दहा वाघिण्यांतून पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. पुढे वाघिण्या पन्नास झाल्या आणि फेरीला 25 लाख लिटर येऊ लागलं. आणि सप्टेंबरअखेर अशी झड लागली की कोरडंठाक पडलेलं मांजरा धरण भरलं. ज्या लातूरकरांनी एप्रिलात रेल्वेची वाट पाहिली, त्यांनी त्याच पावसाळ्यात नदीकाठची गावं पाण्यात गेलेली पाहिली. रेल्वेचं पाणी कृष्णेचं होतं. तीन वर्षांनी, ऑगस्ट 2019 मध्ये, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर चढली. तिथली धोक्याची पातळी 45 फुटांची. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बीड आणि माणमध्ये जनावरं चारा छावण्यांत बांधलेली होती.

अर्थात लातूरची तहान आणि सांगलीचा पूर यांचं सगळं खापर आभाळावर फोडणं सोयीचं आहे, आणि म्हणूनच संशयास्पद. मांजरेच्या खोऱ्यात ऊस कोणी लावला, ओढ्यांवर प्लॉट कोणी पाडले, पूररेषेत बांधकामाला परवानगी कोणी दिली, याची उत्तरं अरबी समुद्रात सापडणार नाहीत. बदललेल्या पावसाने इतकंच केलं की या चुका पूर्वी ज्या पावसात खपून जायच्या, त्या आता खपत नाहीत.

जमिनीचंही ऐकावं लागतं. काळी भारी जमीन उन्हाळ्यात फाटते. पहिल्या पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि वरून येणारं पाणी आत घ्यायला ती नकार देते. रानात वाफसा येत नाही, कोळपं चालत नाही, मुळं गुदमरतात. जुना शेतकरी याला ओळखून होता. सोलापूर-मंगळवेढ्याचा रिवाज असा की पावसाळ्यात रान मोकळं ठेवायचं, कुळवून ओल साठवायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारी पेरायची. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं मालदांडीचं वाण, एम 35-1, थंडीच्या दवावर आणि जमिनीतल्या ओलीवर येतं. खरिपात मोठा पाऊस आला तरी रानात नुकसान व्हायला काही नसे. गेल्या तीसेक वर्षांत लातूर-धाराशिवच्या बऱ्याच रानांत सोयाबीन आलं. हमखास बाजार, चार महिन्यांत पैसा. निवड चुकीची म्हणता येत नाही. पण सोयाबीन काढणीला येतं नेमकं सप्टेंबरअखेर, म्हणजे परतीच्या पावसाच्या तोंडी. चार दिवस झड लागली की उभ्या झाडावर शेंगेतच कोंब फुटतात.

1972 च्या दुष्काळाने राज्याला जे दिलं तेही पुन्हा कोरड्याचंच उत्तर होतं, आणि उत्तम होतं. वसंतराव नाईकांच्या काळात, मे 1973 मध्ये, जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. अमेरिकेची तांबडी मिलो आणि सुकडी यांची चव त्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना यातूनच उभी राहिली; तिचा कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. मागेल त्याला काम, ही टेंपलच्या मजुरीला शंभर वर्षांनी दिलेली चपराकच. कामं कोणती? नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते. पडेल तो थेंब अडवायचा. पाझर तलावाचा सांडवा किती रुंद ठेवायचा, हे तेव्हाच्या पावसाच्या आकड्यांवरून ठरलं.

2016 च्या डिसेंबरात केंद्राने दुष्काळाची नवी संहिता आणली. पैसेवारीऐवजी पावसाची तूट, तीन-चार आठवड्यांचा खंड, उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवाई, मातीतली ओल, भूजल असे निर्देशांक आले. शास्त्र सुधारलं; पाया तोच राहिला. अतिवृष्टीचा हिशेब वेगळ्या खात्यात: महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला की पंचनामा. रोज चाळीस-चाळीस मिलिमीटर असा आठवडाभर पडला तर कागदावर एकही दिवस अतिवृष्टीचा नाही, आणि सोयाबीन मात्र गेलेलं.

सप्टेंबर 2025 मध्ये सीना, मांजरा, सिंदफणा, तेरणा सगळ्याच फुगल्या. माढा, मोहोळ, करमाळा, परंडा, भूम इथे छपरांवर अडकलेली माणसं काढायला हेलिकॉप्टर आणावी लागली. सोलापूर-पुणे महामार्ग लांबोटीजवळ पाण्याखाली गेला. ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ ही मागणी गावोगाव उठली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं की नियमावलीत ओला दुष्काळ अशी तरतूदच नाही, मात्र दुष्काळात मिळतात त्या सवलती देऊ. ते खरं होतं. 7 ऑक्टोबरला 31,628 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. पीकविम्याची गोष्ट आणखी अवघड होती. एक रुपयात विमा ही योजना त्याच वर्षी बंद झाली होती आणि नव्या रचनेत भरपाई कापणी प्रयोगांतल्या उत्पादनावर बेतली होती. म्हणजे पुन्हा तोच शेतातला चौकोन आणि तोच काटा.

पिकाचं नुकसान निदान मोजता आलं. सीनाकाठी कित्येक रानांतली काळी मातीच वाहून गेली होती, खाली मुरूम उघडा पडला होता. केंद्राच्या निकषांत शेतात तीन इंचांहून जास्त गाळ साचला तर तो काढायला मदत आहे. जमीनच गेली तर हेक्टरी 47,000 रुपये आहेत, पण ते दरड कोसळून किंवा नदीने पात्र बदलून गेलेल्या जमिनीसाठी लिहिलेले. पॅकेजमध्ये हा निकष खरवडून गेलेल्या रानांना लावला गेला, आणि माती पुन्हा भरण्यासाठी हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं रोजगार हमीतून करायचं ठरलं. ज्या योजनेतून पाणी अडवायला माती खणली जायची, त्याच योजनेच्या मस्टरवर आता पाण्याने नेलेली माती परत आणून टाकण्याची हजेरी लागते.